दोन कोटी डॉलरचा आसरा

कुवेतवरच्या आक्रमणाची गोष्ट सांगणाऱ्या दोन कृती या लेखासाठी मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे एक पाहिली आणि एक वाचली. पहिली आपल्या सगळ्यांच्या ओळखीची: २०१६ सालच्या जानेवारीत आलेला राजा कृष्ण मेनन यांचा 'एअरलिफ्ट'. दुसरी आपल्यापैकी फारच थोड्यांनी उघडली असेल. ते लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचं १६ मे २००२ चं निकालपत्र आहे, कुवेत एअरवेज विरुद्ध इराकी एअरवेज. सिनेमाशेजारी निकालपत्र ठेवून समीक्षा करणं काही वाचकांना विक्षिप्त वाटेल. पण दोन्ही विमानांच्या गोष्टी आहेत, दोन्ही २ ऑगस्ट १९९० लाच सुरू होतात, आणि तटस्थ असणं म्हणजे काय हा प्रश्न दोन्हींच्या पोटात आहे. सिनेमा त्याला हातही लावत नाही. निकालपत्र लावतं, पण कडेकडेनं.

आधी सिनेमाचं जे चांगलं ते सांगून टाकतो. पहिला अर्धा तास खरा आहे. रात्री पार्टी, पहाटे रणगाडे, आणि सकाळी घराबाहेर कोणत्या गणवेशाचा माणूस उभा असेल याचा पत्ता नाही, ही घालमेल मेनन यांनी नीट पकडली आहे. चौकीवरचं पोरगेलं सैन्य, लुटलेली दुकानं, ड्रायव्हरचा मृत्यू, हे पाहताना इथं त्या काळात राहिलेल्या माणसाला खुर्चीत नीट बसवत नाही. चित्रण रास अल खैमाला झालं आहे हे आपल्या डोळ्यांना लगेच कळतं, पण ती तक्रार मी करणार नाही. इनामुलहक यांचा इराकी मेजरही लक्षात राहतो. हसत हसत हिशोब करणारा, भाव ठरवून माणसं सोडणारा असा अधिकारी हिंदी सिनेमात सहसा दिसत नाही.

बिघडतं ते पुढे. सिनेमाला नायक लागतो आणि अक्षय कुमारला नायक केल्यावर त्याच्या वाटेतल्या सगळ्यांना लहान व्हावं लागतं. वकिलात पळून जाते, दिल्लीत एकच सहसचिव फायली हलवत असतो, आणि पावणेदोन लाख लोकांचं भवितव्य एका व्यापाऱ्याच्या टेलिफोनवर येऊन ठेपतं. रणजित कट्यालच्या पात्रामागे मथुन्नी मॅथ्यूज आणि हरभजनसिंग वेदी यांच्यासारखी खरी माणसं होती, आणि त्यांनी केलेलं काम मोठंच होतं, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. पण गोष्ट तेवढ्यावर घडली नाही. सिनेमा आल्यावर परराष्ट्र खात्यानं नापसंती व्यक्त केली, आणि त्या वेळी आखाती देशांचं काम पाहणारे के. पी. फेबियन यांनीही खरा घटनाक्रम जाहीरपणे मांडला. पुष्कळांनी ती सरकारी माणसांची दुखावलेली प्रतिष्ठा मानली. माझा आक्षेप प्रतिष्ठेचा नाही. गोष्टीचं कारणच पडद्यावरून गायब झालं आहे, हा आहे.

कारण असं की इराकनं भारतीयांना जाऊ दिलं, आणि त्याच आठवड्यांत ब्रिटिश व अमेरिकी नागरिकांना ओलीस धरलं. २ ऑगस्टच्या पहाटे ब्रिटिश एअरवेजचं १४९ क्रमांकाचं विमान ३६७ उतारूंसह आपल्या विमानतळावर उतरलं. ते पुढे मद्रास आणि क्वालालंपूरला जायचं होतं. उतारूंमधल्या ब्रिटिश-अमेरिकी लोकांचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. त्यांना लष्करी ठिकाणी नेऊन 'मानवी ढाल' करण्यात आलं. विमान धावपट्टीजवळच उभं राहिलं आणि युद्धात नष्ट झालं. आक्रमणाची खबर लंडनला मिळाली होती पण ती विमान कंपनीला कळवली गेली नाही, हे ब्रिटिश सरकारनं कबूल केलं ते २०२१ च्या नोव्हेंबरात. म्हणजे एकाच शहरात, एकाच महिन्यात, हातातला पासपोर्ट कोणत्या देशाचा यावर माणूस ओलीस की प्रवासी हे ठरत होतं. भारताचा पासपोर्ट चालला, कारण भारत त्या भांडणात उतरला नव्हता. इंदरकुमार गुजराल ऑगस्टातच बगदादला गेले, सद्दामनं त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर छापला गेला आणि गुजरालांवर पश्चिमेत व देशातही टीका झाली. ती मिठी नैतिकदृष्ट्या बरी दिसत नव्हती हे मान्य. आक्रमण झालेल्या देशात आपण पोट भरत होतो आणि आपला मंत्री आक्रमकाच्या मिठीत होता. परंतु बसरा, बगदादमार्गे अम्मानकडे निघालेल्या बसगाड्यांना चौक्यांवर वाट मिळाली ती अशाच गोष्टींमुळे. ही कडू गोळी सिनेमानं प्रेक्षकांना दिली असती तर तो मोठा सिनेमा झाला असता.

गिनीज बुकातला एअर इंडियाचा विक्रम आपण अभिमानानं सांगतो: १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर १९९०, ४८८ उड्डाणं, १,११,७११ माणसं, अम्मान ते मुंबई. सिनेमात ही उड्डाणं शेवटची पाच मिनिटं आहेत. वैमानिक, हवाई सुंदऱ्या, अम्मानच्या वाळवंटातल्या छावण्यांत नावं लिहून घेणारे कारकून, यांच्यावर स्वतंत्र चित्रपट निघाला पाहिजे. असो.

आता तटस्थ देशाकडे वळू. आपला मराठी शब्द छान आहे: तटावर उभा तो तटस्थ. नदीला पूर आला की तटावरच्याचेही पाय भिजतात, आणि वाहत आलेलं लाकूड त्याच्याच समोर येऊन अडकतं. ते कुणाचं, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. युद्धात भरकटलेलं लढाऊ विमान हे असंच लाकूड असतं. नियम कागदावर स्पष्ट आहेत. १९०७ च्या हेग करारांत तटस्थ देशांची कर्तव्यं सांगितली आहेत. विमानांसाठी १९२३ साली हेगलाच नियमांचा मसुदा झाला. तो करार म्हणून कधी मंजूर झाला नाही, तरी त्याचा दाखला दिला जातो. त्याचा सारांश एवढाच की लढणाऱ्या देशाचं लष्करी विमान तटस्थ देशानं आत येऊ देऊ नये, आलंच तर खाली उतरवावं, आणि कोणत्याही कारणानं उतरलं असलं तरी विमान आणि वैमानिक दोन्ही अडकवून ठेवावेत. 'कोणत्याही कारणानं' हे महत्त्वाचं. इंजिन बंद पडलं, इंधन संपलं, वाट चुकली, कुणाला ऐकून घ्यायचं नाही.

व्यवहार मात्र वेगळाच. दुसऱ्या महायुद्धात रशिया जपानशी लढत नव्हता, म्हणून जपानवर बॉम्ब टाकून परतताना अडचणीत आलेली अमेरिकी बी-२९ विमानं १९४४ साली व्लादिवोस्तोकला उतरली. रशियानं नियमाप्रमाणे ती ठेवून घेतली, मग स्क्रू न् स्क्रू मोजून त्यांची नक्कल केली, आणि १९४७ साली तुपोलेव्ह-४ म्हणून मॉस्कोच्या आकाशात उडवून दाखवली. वैमानिकांना ठेवून घेण्यात रशियाला रस नव्हता. त्यांना गुपचूप 'पळून' जाऊ दिलं, आणि पळाले ते इराणमध्ये! १९४२ च्या डूलिटल हल्ल्यातलं कॅप्टन यॉर्क यांचं विमान रशियात उतरलं होतं, तेही लोक वर्षभरानं इराणमार्गेच सुटले. स्वित्झर्लंडची तऱ्हा आणखी व्यापारी. १९४४ च्या एप्रिलमध्ये गुप्त रडार असलेलं एक जर्मन मेसरश्मिट-११० ड्युबेनडॉर्फला उतरलं. स्विस सरकारनं जर्मनांशी सौदा केला: आम्ही हे विमान तुमच्यासमोर उडवून देतो, तुम्ही आम्हाला बारा मेसरश्मिट-१०९ विकत द्या. तसं झालंही.

या तटावर आपला गोवाही आहे. १९३९ पासून मुरगाव बंदरात जर्मन जहाजं आसऱ्याला होती, कारण पोर्तुगाल तटस्थ होता. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्सच्या हौशी, पन्नाशीकडे झुकलेल्या साहेबांनी 'एहरेनफेल्स'वर चढाई केली आणि जहाजं बुडाली. त्यावरचा 'द सी वुल्व्हज' हा १९८० सालचा चित्रपट, ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन यांचा, आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मजेदार आहे. पण तटस्थ बंदरात घुसून हल्ला करणं हे कायद्याला धरून होतं का, हा विचार त्या अख्ख्या चित्रपटात एखाद्या वाक्यापुरता येतो, आणि गोव्याची माणसं पार्श्वभूमीला दिवे लावण्यापुरती. 'एअरलिफ्ट' त्याच्या ३६ वर्षांनंतरचा, भारतीयांनी भारतीयांवर काढलेला, तरी दोष तोच: तटस्थ भूमी म्हणजे नायकाच्या मागचा पडदा.

यावर उतारा म्हणून मी निकालपत्राकडे गेलो. लॉर्ड निकल्स यांनी सुरुवातीला सांगितलेला घटनाक्रम हा मी वाचलेल्या या युद्धावरच्या लेखनातला एक उत्तम गद्य उतारा आहे. एक विशेषण जास्त नाही. विमानतळ ताब्यात घेताना इराकी सैन्यानं कुवेत एअरवेजची दहा विमानं पकडली: दोन बोइंग ७६७, तीन एअरबस ए-३०० आणि पाच ए-३१०. ९ ऑगस्टपर्यंत नऊ बसऱ्याला गेली. दहावं दुरुस्तीत होतं, ते पंधरवड्यानं थेट बगदादला. ९ सप्टेंबरला इराकच्या क्रांती परिषदेनं ३६९ क्रमांकाचा ठराव करून कुवेत एअरवेज ही कंपनीच विसर्जित केली आणि तिची जगभरातली मालमत्ता इराकी एअरवेजच्या नावे केली. १७ सप्टेंबरला तो राजपत्रात छापला गेला. ११ जानेवारी १९९१ ला कुवेत एअरवेजनं लंडनला दावा लावला. विमानांची किंमत ६३ कोटी डॉलर धरली होती. तारीख पाहा! युद्धाला पाच दिवस उरले होते, कुवेत अजून इराकच्या ताब्यात होता, कंपनी परागंदा होती, आणि तिचे वकील कोर्टात कागद दाखल करत होते.

मग युद्ध. चार विमानं मोसुलला होती, ती दोस्तांच्या बॉम्बफेकीत जळाली. उरलेली सहा इराणला पाठवली गेली. निकालपत्रात त्यांना चक्क नावं पडली आहेत: मोसुलची चार आणि इराणची सहा. एखाद्या कुटुंबातल्या मुलांबद्दल बोलावं तसं न्यायमूर्ती पानोपानी त्यांच्याबद्दल बोलतात.

त्याच दिवसांत इराकची लढाऊ विमानंही इराणकडे निघाली होती. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तर रांगच लागली: मिराज एफ-१, सुखोई-२२, सुखोई-२४, मिग-२९, मालवाहू इल्युशिन. ज्या देशाशी आठ वर्षं लढलो त्याच्याच दारात, लढाई संपून अडीच वर्षंही झाली नव्हती. हे अनेक उतरणं अपघाती नव्हतं, पण सक्तीचं होतं. बॉम्बफेकीत काँक्रीटच्या निवाऱ्यांसकट विमानं फुटू लागल्यावर दुसरा तट उरलेला नव्हता. इराणनं जाहीर केलं की आम्ही तटस्थ आहोत, युद्ध संपेपर्यंत विमानं अडकवून ठेवू. नियमाला धरून होतं. युद्ध संपलं. इराकनं हिशोब दिला: १४८ विमानं, त्यांतली ११५ लष्करी, ३३ मुलकी. इराण म्हणाला, आमच्याकडे २२ आहेत. सव्वाशेवर विमानांचा हा फरक कुणी मिटवला नाही. मिराज आणि सुखोई पुढे इराणच्या हवाई दलात उडू लागल्या, आधीच्या युद्धाच्या नुकसानभरपाईची बाकी या भावनेनं. २०१४ साली इस्लामिक स्टेटशी लढायला इराणनं काही सुखोई-२५ बगदादला दिल्या. त्या मूळच्या इराकच्याच, असं जाणकार मानतात. तेवीस वर्षांनी माहेरी आल्या म्हणायच्या.

आणि आपली सहा? ती मुलकी, चोरीची, आणि मालक ओळखीचा. ती १९९२ च्या उन्हाळ्यात कुवेतला परत मिळाली, पण इराणनं ठेवणावळ घेतली: २ कोटी डॉलर. मला या आकड्यात तटस्थतेचं सगळं शास्त्र दिसतं. एकाच देशात, त्याच दिवसांत उतरलेल्या दोन पाहुण्यांपैकी एकाला घरात कायमचं ठेवून घेतलं, दुसऱ्याला बिल देऊन सोडलं. इराणवर राग धरावा असं मात्र वाटत नाही. विमान उभं ठेवायला, सांभाळायला खर्च येतो, आणि ज्यानं मोसुलला ठेवली त्याची जळाली.

खटल्याचा गाभा वेगळा होता. परकी सरकारनं आपल्या हद्दीत आपल्या कायद्यानं मालमत्ता कुणाला दिली तर इंग्लंडचं कोर्ट सहसा त्यात पडत नाही. इराकी एअरवेज म्हणत होती की ठराव ३६९ आहे, आम्ही मालक. लॉर्ड्सनी उत्तर दिलं की कुवेतचं विलीनीकरण सुरक्षा परिषदेनं रद्दबातल ठरवलं आहे, आंतरराष्ट्रीय कायद्याचा इतका उघड भंग करणारा ठराव आम्ही कायदा म्हणून मानणार नाही. दुसरा मुद्दा मला जास्त आवडला. इराकी एअरवेजचा युक्तिवाद होता की आम्ही विमानं ठेवली नसती तर इराक सरकारनं ठेवलीच असती, म्हणजे आमच्यामुळे कुवेतचं वेगळं नुकसान काय झालं? याला आपल्याकडे सोपा दाखला आहे. चोरानं भांडी चोरली, भावाला दिली, भाऊ म्हणतो मी घेतली नसती तर त्याच्याच घरात राहिली असती. लॉर्ड्सनी हे ऐकलं नाही. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून वापरणारा प्रत्येक जण खऱ्या मालकाला जबाबदार. लॉर्ड स्कॉट यांचं मत वेगळं पडलं, आणि तेही वाचण्यासारखं आहे. परक्या देशाचा कायदा आवडत नाही म्हणून न मानण्याची वाट कुठवर जाईल, ही त्यामागची चिंता खोटी नाही.

आता या निकालपत्राची उणीव. सिनेमात विमानं नाहीत, आणि इथं माणसं नाहीत. त्या विमानांत सामान चढवणारे, स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारे, हँगरमध्ये तेल पुसणारे आपले लोक होते. कोर्टासमोर जे आणलं जातं त्यावरच ते बोलणार हे मला समजतं. तरी दोन हिशोब शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांचा भरपाई आयोग १९९१ साली बसला. कुवेत किंवा इराक सोडावं लागलेल्या माणसासाठी 'ए' वर्गाचा अर्ज होता. एकट्या माणसाला २,५०० डॉलर, दुसरा मोठा दावा करणार नाही असं लिहून दिलं तर ४,००० डॉलर. कुटुंबाला ५,००० किंवा ८,०००. भारतीयांचे अर्ज दिल्लीतल्या कुवेत विभागामार्फत गेले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या अर्जाची झेरॉक्स अजून असेल. वीस वर्षांची नोकरी, घर, बँकेतले दिनार, सगळं मागे टाकून वाळवंटातून चालत आलेल्या माणसाचं जाणं ४,००० डॉलरचं, आणि सहा विमानांचं नुसतं उभं राहणं २ कोटींचं! आयोगानं एकूण ५२ अब्ज ४० कोटी डॉलर वाटले आणि शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये कुवेतला दिला. ठराविक रकमेची ही युक्ती चांगली होती, हेही सांगतो. प्रत्येकाकडे पुरावे मागितले असते तर आमच्यासारख्यांचे अर्ज अजून टेबलावर असते.

जाता जाता आपल्याच तटाकडेही पाहायला हवं. जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारनं आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकी लष्करी मालवाहू विमानांना मुंबई, मद्रास आणि आग्रा इथं इंधन भरू दिलं. बोभाटा झाला, राजीव गांधींनी विरोध केला, आणि फेब्रुवारीत ते बंद पडलं. म्हणजे ज्या मुंबईत काही महिन्यांपूर्वी इराकच्या परवानगीनं सुटलेले लोक उतरले, त्याच मुंबईत इराकवर चाललेल्या सैन्याच्या टाक्या भरल्या जात होत्या. सरकारच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की सुरक्षा परिषदेच्या ६७८ क्रमांकाच्या ठरावानं सगळ्या देशांना साह्य करायला सांगितलंच होतं, आणि तसा ठराव असताना जुन्या अर्थाची तटस्थता कितपत उरते यावर कायदेपंडितांत वाद आहे. 'एअरलिफ्ट'चा दुसरा भाग कुणी काढणार असेल तर सुरुवात इथून करावी, असं माझं निर्मात्यांना फुकटचं सुचवणं.

कुवेत आणि इराकच्या विमान कंपन्यांचं भांडण निकालानंतरही दहा वर्षं चाललं. २०१० साली वीस वर्षांनी इराकी एअरवेजचं विमान लंडनला उतरलं तेव्हा कुवेतचे वकील जप्तीचे कागद घेऊन हजर होते. २०१२ साली ५० कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये इराकी एअरवेजचं विमान १९९० नंतर पहिल्यांदा कुवेतला आलं.

निकालपत्र वाचायची इच्छा असेल त्यांनी लॉर्ड निकल्स यांचा घटनाक्रम आणि ठरावावरचं विवेचन आधी वाचावं, मग थेट लॉर्ड स्कॉट यांच्याकडे जावं. मधली दुहेरी दाव्याच्या नियमाची पानं वकील मंडळींसाठी सोडली तरी चालतील. सिनेमाचा पहिला अर्धा तास आधी पाहिला असेल तर 'मोसुलची चार' आणि 'इराणची सहा' ही नावं वाचताना आपला विमानतळ डोळ्यांसमोर येतो.